प्राध्यापक डॉक्टरने निवडणूक लढवावी का? (फिरखोचं उदाहरण घेऊन भांडू या)

पेशीपुराण

आमच्या कॉलेजातले मेडिसिनचे एक सर निवृत्त होताहेत आणि मुंबई महापालिकेची निवडणूक लढवायची म्हणताहेत. स्टाफरूममध्ये चहा गार होईस्तोवर यावर वाद झाला. बहुतेकांचा सूर एकच: "सर आयुष्यभराचं नाव गटारात घालवणार." मला हा शब्द फार आवडला. पॅथॉलॉजीचा बाप समजला जाणारा माणूस नेमका गटारातच उतरला होता. त्याने नाव घालवलं नाही, नाव वापरून गटारं बांधून घेतली.

रुडॉल्फ फिरखो. दुसऱ्या वर्षाला 'व्हर्चोज ट्रायड' म्हणून घोकलेला तोच. (शिरेत रक्त का गोठतं याची तीन कारणं. व्हायव्हाला तिसरं हमखास आठवत नाही.)

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशियाच्या (बर्लिन राजधानी असलेल्या जर्मन राज्याच्या) सरकारने या २६ वर्षांच्या पोराला वरच्या सायलेशिया प्रांतात टायफस तापाची साथ बघायला पाठवलं. तिथे तो तीनेक आठवडे राहिला. सरकारला हवा होता वैद्यकीय अहवाल. याने लिहिलं काय, तर शाळा काढा, पोलिश बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत कारभार द्या, रस्ते बांधा, कराचं ओझं गरिबाच्या पाठीवरून उतरवा आणि पूर्ण लोकशाही द्या. औषधांची यादी मागवावी आणि उत्तरादाखल राज्यघटना यावी, तसला प्रकार. बर्लिनला परतल्यावर आठवड्याभरात गडी क्रांतिकारकांच्या बॅरिकेडवर हजर. मग 'वैद्यकीय सुधारणा' नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं: वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे, आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं वैद्यकच, दुसरं काही नाही.

व्हायचं तेच झालं. १८४९ मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयातली जागा धोक्यात आली आणि त्याने वुर्झबुर्ग विद्यापीठाची वाट धरली. तिथली सात वर्षं राजकारणाला हात न लावता काम केलं. १८५६ मध्ये बर्लिनने त्याला परत बोलावलं, नवी पॅथॉलॉजी इन्स्टिट्यूट देऊन. १८५८ मध्ये पेशींवरची २० व्याख्यानं पुस्तकरूपात आली, वैद्यकाचा चेहरामोहरा बदलला. लगेच पुढच्या वर्षी हा माणूस बर्लिनच्या नगरपरिषदेत निवडून गेला आणि १९०२ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ४३ वर्षं, तिथेच बसला.

माझा मुद्दा या नगरपरिषदेचा आहे. प्रशियाच्या संसदेत त्याने पंतप्रधान बिस्मार्कशी घातलेले वाद सगळे सांगतात. पण जेम्स होब्रेख्ट नावाच्या इंजिनियरची भुयारी गटारांची योजना (शहराचे १२ भाग, प्रत्येकाला स्वतःचं पंपिंग स्टेशन, मैलापाणी शहराबाहेरच्या शेतांवर) परिषदेच्या गळी उतरवण्यात या पॅथॉलॉजिस्टचा मोठा वाटा होता. १८७३ मध्ये खोदाई सुरू झाली. फ्रीड्रिख्सहाइनचं शहराचं पहिलं सार्वजनिक रुग्णालय १८७४ चं, त्यामागेही तोच. हे काम शोधनिबंध छापून होत नाही. त्यासाठी बजेटच्या बैठकीला बसावं लागतं, आणि दर वर्षी बसावं लागतं.

तेव्हा सरांनी लढावं. हाणा आता.

असहमत_आहे

छान लिहिलंय, पण सोयीचं तेवढंच लिहिलंय.

त्याच काळात त्याच शहरात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख होता. निवडणूक नाही, भाषण नाही, सरकारी आरोग्य कार्यालयातला नोकर. १८८२ मध्ये त्याने क्षयाचा जंतू दाखवला. आणि तुमचे फिरखो? फुप्फुसाचा क्षय म्हणजे दोन वेगळे आजार, या मतावर अडून बसलेले. कॉखने तो वादच निकालात काढला. जंतू वगैरे फिरखोला कधी मनापासून पटलेच नाहीत. डॉक्टर सेमेलवाइस हात धुवा म्हणून ओरडत होता, तेव्हाही हे दुसऱ्या बाजूला.

का, ते सांगतो. "रोगाचं मूळ गरिबी" हे एकदा राजकीय भूमिका म्हणून स्वीकारलं की जंतू नकोसा वाटायला लागतो. जंतू सापडला तर सरकार म्हणेल लस द्या, लोकशाही कशाला? राजकारण करणाऱ्या संशोधकाचा हा धोका आहे. निष्कर्ष त्याच्या पक्षाच्या बाजूचे निघायला लागतात.

दुसरं. १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रीड्रिख याच्या घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला फिरखोकडेच गेला. कॅन्सर दिसत नाही म्हणाले. शस्त्रक्रिया टळली. युवराज सम्राट झाला आणि ९९ दिवसांत कॅन्सरनेच गेला. तो उदारमतवादी होता, फिरखोच्या बाजूचा. नगरपरिषद, संसद, मानववंशशास्त्र, ट्रॉयचं उत्खनन, एवढ्या पाट्या दारावर लावल्यावर मायक्रोस्कोपला किती वेळ उरतो?

पेशीपुराण

@असहमत_आहे, युवराजाच्या बायोप्सीवरून वेळेचा हिशेब काढणं मात्र अन्याय आहे. मी रोज स्लाइड बघतो. सर्जनने वरवरचा तुकडा काढून पाठवला की कॅन्सर खाली असून स्लाइडवर दिसत नाही. आजही आम्ही रिपोर्टखाली 'पुन्हा खोलवरचा नमुना पाठवावा' असं लिहितो. फिरखोला जे दिलं, ते त्याने वाचलं. तुकडा काढणारा इंग्रज डॉक्टर वेगळा होता.

जंतूंबाबत मात्र मान्य. तिथे तो चुकला, आणि दिमाखात चुकला.

पण कॉखचंच उदाहरण घ्यायचं तर १८९२ च्या हॅम्बुर्गचं घ्या. कॉलऱ्याने ८ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्बे नदीचं पाणी पीत होतं, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचं, आणि तरी बचावलं. कारण ते पाणी वाळूच्या गाळणीतून येत होतं. कॉखने दाखवलेला कॉलऱ्याचा जंतू १८८४ पासून सगळ्यांना माहीत होता. मग हॅम्बुर्गला गाळणी का नव्हती? व्यापारी आणि घरमालकांच्या हातातलं नगर-सरकार वर्षानुवर्षं खर्चावर घोळ घालत बसलं होतं म्हणून. जंतू शोधायला कॉख लागतो. गाळणीच्या ठरावाला मतं जमवायला कोण लागतं, ते तुम्हीच सांगा.

कायद्याचं_बोला

इथे सगळे जण एक साधी गोष्ट विसरताहेत. प्रशियात प्राध्यापक पगार घेता घेता संसदेत बसू शकत असे, सरकारच्याच विरोधात. आपल्याकडे सरकारी मेडिकल कॉलेजातल्या माणसाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पक्षाचं काम नाही, प्रचार नाही, उमेदवारी तर नाहीच. म्हणजे आपला फिरखो एक तर राजीनामा देतो नाही तर साठी ओलांडून उतरतो. धाग्यातले सरही निवृत्तीनंतरच उभे राहताहेत. ४३ वर्षांची तुलना करताना एवढं ध्यानात असू द्या.

जीवराज मेहता आठवा. ग्रँट मेडिकलचे विद्यार्थी, पुढे केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेजचे पहिले डीन, १९२५ ते १९४२. देणगीदारांची अट होती की तिथे शिकवणारे सगळे भारतीय असावेत, ती संस्था त्यांनी उभी केली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग झाला. मग मुंबई राज्याचं मंत्रिपद, आणि १ मे १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. पण बघा, एक दार बंद करून दुसऱ्यात गेले. दोन्ही दारांत एकेक पाय ठेवून उभं राहता आलं तो जर्मन.

तालुक्याचा_माणूस

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एमओ (मेडिकल ऑफिसर) आहे. बर्लिन पाहिलेलं नाही. माझ्याकडची गोष्ट सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका वाडीत गॅस्ट्रो सुरू झाला. सकाळी आशा ताईंचा फोन, तीन घरांत जुलाब. गेलो. विहिरीच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले, पाणी पिवळं व्हायला हवं, ते तसंच पांढरं. म्हणजे क्लोरीन शून्य. टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं कुठे आहे विचारलं, तर ग्रामपंचायतीच्या खोलीत, तोंड उघडं, पावडर दमट होऊन ढेकळं झालेली. टाकून काही उपयोग नव्हता. विहिरीच्या कडेला गुरं धुतात, तिथलं पाणी परत आत झिरपतं, कठडा खचलेला. कठड्यासाठी मी तीनदा पत्र दिलेलं. आवक-जावक रजिस्टरला नोंद आहे.

मी सलाइन लावली, पाणी नमुना पाठवला, तो दूषित आला, गावाला लाल कार्ड (पाणी धोक्याचं असल्याचं) दिलं. कठडा कधी झाला? सरपंचांचा स्वतःचा नातू ॲडमिट झाला तेव्हा. आठ दिवसांत झाला, सिमेंट, गिलावा, सगळं.

मला जंतूही माहीत होता, गरिबीही दिसत होती. नव्हतं ते फक्त ग्रामसभेत हात वर करायला माणूस. मी परगावचा, बदलीवरचा, मला तिथे मतही नाही. त्यामुळे पेशीपुराण म्हणताहेत ते मला पटतं, पण निवडून यायला मेडिसिनचे प्रोफेसरच हवेत असं नाही. आशा ताई उभ्या राहिल्या तरी चालेल. चांगल्या राहतील.

बर्लिनकर

इथे सहा वर्षं आहे, म्हणून थोडं अवांतर. शारितेजवळच्या कार्लप्लाट्झवर फिरखोचं स्मारक आहे. मला वाटलं होतं, हातात मायक्रोस्कोप घेतलेला दाढीवाला म्हातारा असेल. वर आहे एक नागडा राक्षसी पहिलवान, स्फिंक्सचा गळा आवळणारा. फिरखोचा चेहरा खाली चौथऱ्यावर, छोट्या मुद्रेत. बायको पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, हे जिमचं आहे का?

ती मैलापाण्याची शेतं शहराच्या चहूबाजूंना होती, त्यातली काही उत्तरेला. तिथल्या वस्तीचं नाव आजही होब्रेख्ट्सफेल्डे. आता तिथे अर्धरानटी घोडी चरतात, रविवारी लोक सायकली घेऊन जातात. नाव इंजिनियरचं लागलं, डॉक्टरचं नाही.

आणि कुणी ती सॉसेजची गोष्ट टाकायच्या आत सांगतो. १८६५ मध्ये बिस्मार्कने फिरखोला द्वंद्वाचं आव्हान दिलं, हे खरं. फिरखोने नकार दिला, हेही खरं. पण शस्त्र म्हणून त्याने दोन सॉसेज निवडले, एक चांगलं आणि एक ट्रिकिनाच्या अळ्यांचं, ही दंतकथा आहे. व्हॉट्सॲपवर दर वर्षी येते.

असहमत_आहे

सॉसेज टाकणारच होतो, वाचवलंत.

@पेशीपुराण, हॅम्बुर्ग बरोबर लागलं, मान्य. पण राजकारणात बसलं की काय होतं, ते पुढे बघा. १८४८ मध्ये ज्या पोलिश कॅथलिक गरिबांसाठी तो त्यांच्या भाषेत कारभार मागत होता, त्यांच्यावरच १८७० च्या दशकात बिस्मार्कने कॅथलिक चर्चला आळा घालण्याच्या नावाखाली वरवंटा फिरवला. शाळेतून पोलिश हद्दपार झाली. त्या मोहिमेला 'कुल्टुरकाम्फ', संस्कृतीचा लढा, हे नाव कुणी रूढ केलं? फिरखोने, १८७३ मध्ये. बिस्मार्कचा हाडवैरी, पण या एका कामात त्याच्याच शेजारी उभा.

आणि १८८३ मध्ये कामगारांचा आजारपणाचा विमा आला. तो आणला बिस्मार्कने. विरोध केला फिरखोच्या पक्षाने, कारण सरकारची ढवळाढवळ त्यांच्या तत्त्वात बसत नव्हती. गरिबांचा नैसर्गिक वकील म्हणजे डॉक्टर, हे त्याचंच म्हणणं ना? त्या दिवशी वकील समोरच्या बाकावर होता.

पेशीपुराण

कुल्टुरकाम्फला माझ्याकडे उत्तर नाही. सायलेशियाच्या अहवालातही पाद्र्यांवर त्याचा राग होताच, म्हणजे बी तेव्हाचंच. २६ व्या वर्षी ज्यांच्या झोपड्यांत उकिडवं बसून नाड्या बघितल्या, ती माणसं पन्नाशीत त्याला दिसेनाशी झाली. हे मला विम्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून तर म्हणतो, संसद सोडा. संसदेत तत्त्व असतं, पक्ष असतो, हाडवैरी असतो. नगरपरिषदेत पाइपचा व्यास असतो. तिथला फिरखो मला अजून चालतो.

@तालुक्याचा_माणूस, आशा ताईंचं एकदम मान्य. धाग्याचं शीर्षकच बदलायला हवं होतं.

ताजी बातमी: वॉर्डाच्या आरक्षणाची सोडत निघाली. सरांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. आता मॅडमनी उभं राहावं म्हणून लोक घरी येऊ लागलेत. मॅडम गायनॅकच्या, ३० वर्षांची प्रॅक्टिस, अर्धा वॉर्ड त्यांच्याच हातून जन्माला आलाय. सर म्हणाले, "ती येईल निवडून. मी पडलो असतो."