उद्या टोकन द्यायचंय, काही राहतंय का? (सोलापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

सी-२०४: नमस्कार मंडळी 🙏 भाच्यासाठी जुळे सोलापुरात फ्लॅट बघितलाय. टू बीएचके, दुसरा मजला, रेडी पझेशन. ४२ लाख सांगितलेत, जीएसटी वेगळा. भाचा पुण्यात नोकरीला, त्यामुळे धावपळ माझीच. उद्या दिवस चांगला आहे म्हणून दोन लाख टोकन द्यावं म्हणते. काही बघायचं राहतंय का?

ए-१०२: अभिनंदन वहिनी! पेढे कधी?

बी-३०१: पेढे थांबू द्या जरा. वहिनी, रेडी पझेशन म्हणताय आणि वर जीएसटी पण?

सी-२०४: हो, ५ टक्के म्हणाले. का ओ?

बी-३०१: बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतच नाही. बिल्डर मागतोय म्हणजे महापालिकेचा वापर परवाना अजून हातात नाही. नुसता रंग दिला, लिफ्ट बसवली की झालं रेडी पझेशन! कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती आहे?

सी-२०४: ११५० चौरस फूट.

ए-४०१: टू बीएचकेला ११५० कार्पेट? ते जिना, लॉबी, बाहेरच्या भिंती सगळं धरून असणार. ब्रोशर नीट बघा.

सी-२०४: थांबा... कोपऱ्यात बारीक अक्षरात ७८० लिहिलंय 😳

बी-३०१: तेच खरं. भाव त्यावरच काढा. ७८० चौरस फूट म्हणजे साधारण ७२ चौरस मीटर. सोलापूर मेट्रो शहरांच्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याकडे ९० चौरस मीटरपर्यंतचा आणि एकूण ४५ लाखांच्या आतला फ्लॅट असेल तर जीएसटी १ टक्का, ५ नाही. फरक १ लाख ६८ हजारांचा होतो. पार्किंग आणि 'इतर आकार' लावून रक्कम ४५ च्या पुढे ढकलतात, म्हणून सगळा हिशोब लेखी मागा.

ए-१०२: बाप रे. एवढ्यात तर मॉड्युलर किचन होतंय.

सी-१०३: पण वहिनी, बँकेने प्रोजेक्टला कर्ज मंजूर केलंय का? बँकेने बघितलं असेल तर आपण कशाला डोकं लावायचं?

ए-४०१: मी बँकेच्या कर्ज विभागातून रिटायर झालो, म्हणून सांगतो. बँक स्वतःचे पैसे परत येतील का एवढंच बघते. गच्ची कुणाची, पाणी येतं का, सोसायटी कधी होणार, हे बँकेचे प्रश्न नाहीत. आणि काही अडलं तरी हप्ता भाच्याच्याच पगारातून जाणार. त्यापेक्षा बँकेच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टची, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याच्या अहवालाची, कॉपी मागा, तिचा उपयोग आहे.

वहिनी, आधी जमिनीचे कागद. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, नसेल तर सात-बारा आणि फेरफार. हद्दवाढ भागात हे जास्तच बघावं लागतं. १९९२ ला आजूबाजूची गावं शहरात आली, पण शेतजमिनी गुंठ्या-गुंठ्यानं विकल्या गेल्या त्याचा घोळ अजून निस्तरतोय. त्यामुळे बिगरशेती आदेश आहे का, ले-आउट मंजूर आहे का, गुंठेवारीचा प्लॉट असेल तर २००१ च्या कायद्याखाली नियमित झालाय का, हे विचाराच. 'सगळ्यांचं असंच आहे ओ' असं उत्तर आलं तर उठून या.

मग मागच्या ३० वर्षांचा सर्च. जमीन मालकाची आणि बिल्डरची भागीदारी असेल तर डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट वाचा. कोणते फ्लॅट कुणाच्या वाट्याचे ते त्यात असतं. आपला फ्लॅट मालकाच्या वाट्याचा आणि पैसे बिल्डर घेतोय, असं निघालं की भांडण ठरलेलं. ही एक गोष्ट बघायला फार कमी लोक जातात.

डी-२०२: अण्णा, रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा नंबर बघितला की हे सगळं कळत नाही का?

ए-४०१: बरंच कळतं. महारेराच्या साइटवर मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख, चालू केसेस दिसतात. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर नोंदणीची सक्तीच नाही. आपल्याकडे पाच गुंठ्यांच्या आत बांधलेल्या इमारती गल्लोगल्ली आहेत. तिथे 'रेरा लागत नाही' हे उत्तर खरं असू शकतं. मग मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजायचे. नकाशात तीन आणि उभे चार, तर चौथ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

ए-१०२: माझ्या मेव्हण्याने अक्कलकोट रोडला नोटरीवर फ्लॅट घेतलाय. स्टँप पेपर, साक्षीदार, सगळं आहे. तरी चालत नाही का?

बी-३०१: मालक, नोटरीने मालकी बदलत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होऊन इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, निघाला पाहिजे. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय की अशाने मालकी मिळत नाही. मेव्हण्यांना वकिलाकडे पाठवा, आजच.

डी-३०४: कागदं झाली असतील तर पाण्याचं विचारा गं बाई! उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाला किती दिवसाआड येतं ते सगळ्यांना ठाऊक. जमिनीखालची टाकी किती हजार लिटरची, बोअर उन्हाळ्यात चालतो का, टँकर कोण बोलावतं, पैसे कसे वाटतात, हे शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचार, बिल्डरला नको. आणि दुपारी तीनला जाऊन उभी राहा फ्लॅटमध्ये. बेडरूम पश्चिमेला असली की मे महिन्यात भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते.

सी-२०४: काकू, मी सकाळी आठला गेले होते 🙈 पार्किंगचे दीड लाख म्हणाले, उघडं.

बी-३०१: उघडं पार्किंग विकता येत नाही. ती सोसायटीची जागा.

सी-२०४: आत्ता फोन केला त्यांना. वापर परवाना 'प्रोसेसमध्ये' आहे म्हणे. आणि टोकन रोख दिलं तर भावात काहीतरी करू म्हणाले.

बी-३०१: मग आपले पैसेही प्रोसेसमध्ये आहेत म्हणा 😄 रोखीचं नावच नको. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. शिवाय कागदावर कमी रक्कम दाखवली, तर उद्या व्यवहार मोडल्यावर तेवढीच मागता येते, वरचे पैसे गेले.

ए-४०१: नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे दोन लाख नियमात बसतात. पण नियमात बसतात म्हणून द्यायचे असं नाही. द्यायचेच तर चेकने, आणि पावतीवर लिहून घ्या: कागदपत्रात दोष निघाला किंवा कर्ज नाकारलं गेलं, तर पूर्ण रक्कम परत. हे वाक्य लिहायला ते तयार होतात का बघा. आणि करारनाम्यात भाच्याबरोबर सुनेचं नाव घालायचा विचार असेल, तर एकट्या बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क १ टक्का कमी लागतं, तेही घरात बोला.

ए-१०२: आणि उद्याचा मुहूर्त?

डी-३०४: उद्याच्या मुहूर्तावर सिटी सर्व्हे ऑफिसात जा म्हणावं. कागद काढायलाही दिवस चांगलाच असतो की.

सी-२०४: टोकन थांबवते. भाच्याला हे सगळं फॉरवर्ड केलं. सर्च रिपोर्टसाठी वकील कोण चांगले?

ए-४०१: दोघांचे नंबर पर्सनलवर पाठवतो. कुणाकडेही जा, बिल्डरने सुचवलेला तेवढा नको.