बागेतल्या माणसांना चार सकाळींत काय शिकवू? (नाशिक, सिडको)

झारीवाली

नमस्कार मंडळी. सिडकोतल्या तीन बागा माझ्याकडे आहेत, मी पर्यवेक्षक. हाताखाली अकरा माणसं, सात बायका आणि चार पुरुष, सगळे ठेक्यावर. पावसाळ्याआधी त्यांच्या प्रशिक्षणासाठी चार सकाळी मिळाल्यात, सात ते अकरा. शिवाय दर महिन्याला रहिवाशांसाठी बागेत एक उपक्रम घ्यायचा, असं वरून आलंय. उपक्रम म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. फोटो मात्र पाठवायचेत.

गेल्या वर्षीचं प्रशिक्षण एका हॉलमध्ये झालं. पडद्यावर ट्युलिपचे ताटवे आणि खुर्च्यांवर एसीच्या गारव्यात पदर गुंडाळून बसलेल्या माझ्या मावशी. तासाभरात निम्म्या पेंगायला लागल्या. एकीनं मला हळूच विचारलं, "हे कांद्याचं फूल का गं?" सामोसा झाला, प्रमाणपत्र झालं (दोघींची आडनावं चुकलेली), आणि महिनाअखेरीस कळलं की त्या दिवशी कुणाची हजेरीच लागली नाही. "कामावर नव्हते," असं उत्तर. तेव्हापासून प्रशिक्षण म्हटलं की माझी माणसं एकच विचारतात, "ताई, खाडा तर नाही ना पडणार?" यंदा हजेरीचं मी आधी लेखी घेतलंय, मगच तारखांवर बोलले.

आता खरी अडचण. माझ्याकडच्या पाच जणी निफाड-दिंडोरीकडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड छाटणी, सिकेटर (छाटणीची कात्री) हातात दिलं की डोळे मिटून करतील. काडी बघून सांगतात, घड कुठल्या डोळ्यातून निघणार. पण बागेत वेल नाहीत, गुलमोहर आहेत. मागच्या जूनमध्ये रस्त्यावर आलेली एक जाड फांदी वरून कापायला घेतली. अर्धी कापली तोच ती स्वतःच्या वजनानं मोडली आणि खोडाची हातभर साल सोलून घेऊन खाली आली. आता त्या जागेतून भुगा पडतोय. चूक त्यांची नाही, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मलाही.

दुसरी अडचण बोलण्याची. भाद्रपदात लोक पहाटे येऊन हरळी, जास्वंद, आघाडा ओरबाडून नेतात. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या जातात. मावशी हटकायला गेल्या की भांडण. एका गृहस्थांनी आमच्या सगळ्यात जुन्या मावशींना सुनावलं, "तुला पगार कोण देतं?" त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आणि गंमत बघा, त्या बागेतलं प्रत्येक झाड त्यांना ठाऊक आहे, त्या गृहस्थांना स्वतःच्या बाकावर सावली कशाची पडते तेही माहीत नसेल.

हॉल नाही, प्रोजेक्टर नाही. एक मोठं करंजाचं झाड आहे, सावली चांगली. कुणी असं काही केलंय का? काय शिकवलंत? तारखा सुचवताना एवढं बघा, ज्येष्ठात त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा माझे दोघे वारीला जातात. ते दिवस नकोत.

जुना रोपवाटिकावाला

ताई, मी तीस वर्षं रोपवाटिकेत आणि रस्त्याकडेच्या झाडांवर काम करून निवृत्त झालो. एक पूर्ण सकाळ फक्त फांदी कापण्याला द्या. बाकी काही घालू नका त्यात.

तीन काप शिकवा. पहिला खालून, खोडापासून वीतभर लांब, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा वरून, त्याच्याही थोडा बाहेर. फांदी इथं मोडून पडते आणि साल सोलत खोडाकडे येत नाही, कारण खालचा काप तिला अडवतो. उरलेला खुंट तिसऱ्या कापानं काढायचा. आणि इथंच सगळे चुकतात. फांदी खोडाला मिळते तिथं वळ्यासारखी फुगवटी असते, तिला धक्का लावायचा नाही. खोडाशी सपाट कापलं तर ती फुगवटी जाते, हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो. त्या वळ्याच्या अगदी बाहेर कापायचं.

कारणही सांगा, नुसता नियम नको. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी कितीतरी झाडं उभी चिरून आत पाहिलं आणि १९७७ मध्ये मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ती भिंत घालायची जागा म्हणजे ते वळं. तुमच्या मावशींना हे लगेच कळेल, वेलीचा जुना ओलांडा (आडवी जाड फांदी) त्यांनी आतून पाहिलेला असतो.

बोर्डो पेस्टचा प्रश्न येणारच. द्राक्षात मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची सवय असते. शायगोंच्या मते मोठ्या झाडाला जखमेवर लेप लावून काही साधत नाही. आपल्याकडे अजून लावतात. लावायची तर लावा, पण चुकलेला काप पेस्टनं बरोबर होत नाही एवढं डोक्यात बसवा.

सराव उभ्या झाडावर नको. वाऱ्यानं पडलेली फांदी मिळेल ती ओंडक्याला बांधून करा. आणि परवानगीचं विसरू नका. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात झाड पाडणं या शब्दात झाडाला इजा करणंही धरलंय. उद्या कुणी फोटो काढला तर तुमच्या माणसाकडे कागद हवा.

कागदावरून आठवलं. गोवर्धनला मुक्त विद्यापीठाच्या आवारातच कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या माणसांना करंजाखाली बोलवा, तुमच्या माणसांना तिकडे नेऊ नका. रिक्षाचा खर्च कोण देणार?

अंबडचा फिटर

मी कंपनीत मेंटेनन्सला. मुलीला घेऊन बागेत येतो, त्यामुळे माझं लक्ष झाडांकडे नाही, खेळण्यांकडे.

एक सकाळ खेळण्यांना द्या. माळी रोज तिथं असतो, इंजिनिअर वर्षातून एकदा. बघायचं कुणी? माळ्यानंच.

दोन लाकडी ठोकळे करून घ्या. एक ९ सेंटिमीटर रुंद, एक २३. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत हे माप आहे. घसरगुंडीचा कठडा, शिडीच्या पायऱ्या, कुठल्याही बंदिस्त फटीत लहान ठोकळा गेला आणि मोठा गेला नाही, तर ती जागा धोक्याची. कारण सोपं आहे, मूल पाय पुढे टाकून शिरतं, अंग जातं, डोकं अडकतं. ठोकळा बघून कुणालाही कळतं, शिक्षण लागत नाही.

झोपाळ्याचा एस आकाराचा हूक बघा. त्याला फट दिसली की पक्कड घेऊन दाबा. त्यात ओढणी अडकते. झोपाळ्याच्या पुढे आणि मागे, वरच्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी हवी. आठ फुटांवर दांडी असेल तर सोळा फूट पुढे, सोळा मागे. आपल्याकडे त्या जागेत बाक असतो आणि बाकावर आजोबा.

सगळ्यात महत्त्वाचं, खाली काय आहे. मुलं पडतात तेव्हा लागतं ते खालच्या जमिनीवर, खेळण्यावर नाही. पेव्हर ब्लॉक म्हणजे फरशीच. वाळू टाकली तरी ९ इंचांचा दाबून बसलेला थर जेमतेम ४ फुटांवरून पडण्यापुरता, असं त्याच पुस्तिकेत आहे. आणि ती वाळू झोपाळ्याखाली रोज पायांनी उकरली जाते. सकाळी झाडू मारताना ती परत ओढून घ्यायची, हे काम हजेरीपुस्तकात लिहा. नाहीतर होणार नाही.

मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून बघा एकदा. बाकी मी सांगत नाही.

रोजचा फिरणारा

प्रशिक्षण, उपक्रम, फोटो. आमच्या बागेतला पिण्याच्या पाण्याचा नळ दिवाळीपासून बंद आहे. आधी तो.

झारीवाली

काका, नळाचा अर्ज मी तीनदा दिलाय, चौथा तुम्ही द्या. रहिवाशाच्या सहीला जास्त वजन असतं. खरंच सांगते, अर्जाचा मसुदा मी लिहून देते.

पानगळ

मी प्राथमिक शाळेत शिकवते, इंदिरानगरला. झारीवाली ताई, तुमच्याच मजकुरात तुमचा उपक्रम आहे की! लोक भाद्रपदात पत्रीसाठी ओरबाडतात ना, मग गणपतीच्या आधीच्या रविवारी पत्रीची फेरी काढा, आणि ती त्या मावशींनी न्यायची. ज्यांना "पगार कोण देतं" विचारलं त्यांनीच.

एकवीस पत्री पाठ असणारे लोक खूप आहेत, ओळखता येणारे फार थोडे. आघाडा, माका, शमी, डोरली, विष्णुकांता, हादगा ही पानं किती जणांनी जमिनीवर उगवलेली पाहिलीत? माझ्या वर्गातल्या मुलांना शमी आणि बाभळीत फरक सांगता येत नाही, त्यांच्या आयांनाही नाही. आणि यादीत धोत्रा, कण्हेर, रुई आहेत. तिन्ही विषारी. लहान मुलं घरात असताना ती जुडी कुठं ठेवायची हे सांगणं म्हणजे नुसती हौस नाही. देवदार तर हिमालयातला, बाजारातल्या जुडीत त्याच्या नावानं काय येतं ते मावशींनाच विचारा, त्या हसतील.

एक अट घाला, फेरीत कुणी एकही पान तोडायचं नाही. शेवटी मावशी स्वतःच्या हातानं प्रत्येकाला दूर्वांची एक जुडी देतील. आठवडाभर आधी एक कोपरा हरळीसाठी राखून ठेवा, पाणी द्या. ज्या बाईनं जुडी हातात दिली तिच्याशी माणूस दुसऱ्या दिवशी भांडत नाही. निदान लगेच तरी नाही.

वटपौर्णिमेलाही तसंच. फांदी तोडू नका अशी पाटी लावून उपयोग नाही, पाटी मीही वाचत नाही. वडाभोवती सकाळी पाचपासून दोघी जणी बसवा, सूत गुंडाळायला जागा करून द्या. झाडापाशी येऊन पूजा नीट होत असेल तर फांदी घरी न्यायची गरजच कुणाला?

प्रशिक्षणाबद्दल एक सांगते, शिक्षिका म्हणून. चार माणसांपुढे मोठ्यानं बोलणं हेसुद्धा शिकावं लागतं. एक सकाळ याला द्या. प्रत्येकीनं एकच झाड निवडायचं आणि बाकीच्या दहा जणांना सांगायचं, नाव, कधी फुलतं, तिच्या गावात त्याचं काय करतात. पुस्तकातलं नको. मी येऊन बसेन, शिकवायला नाही, ऐकायला.

रात्रपाळी

नर्स आहे, सुटी झाली की ट्रॅकवर चालते. डोळ्यांदेखत एक काका कोसळले होते, माळी दादा सगळ्यात आधी पोचले आणि पाणी पाजायला लागले. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही, एवढं एक वाक्य जरी शिकवलंत तरी खूप. हाक मारून, हलवून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दमलं की माणूस बदलायचा. घट्ट भरलेल्या पोत्यावर सराव होतो. रविवार सोडून कधीही बोलवा, तासभर पुरेल.

झारीवाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण दोन सकाळी झाल्यासुद्धा.

पहिली फिटर भाऊंच्या ठोकळ्यांची. कामटवाड्याच्या सुतारानं दोन्ही ठोकळे चहाच्या पैशांत करून दिले. मावशींनी ते घेतले आणि घसरगुंडीकडे अशा निघाल्या की जणू चोर धरायचाय. वरच्या कठड्यात लहान ठोकळा गेला, मोठा अडला. मोजलं, १४ सेंटिमीटर. मी म्हटलं वर कळवू. त्या म्हणाल्या, कळव, पण तोवर? आणि पाणी द्यायच्या जुन्या पाइपचे तुकडे सुतळीनं आडवे बांधून फट बुजवून टाकली. मला हे सुचलं नसतं. पक्कं काम व्हायचंय, पत्र गेलंय.

दुसरी सकाळ फांदीची. वादळात पडलेली पेल्टोफोरमची (पिवळ्या गुलमोहराची) फांदी होती. एका मावशींनी तिसरा काप घेण्याआधी वळ्यावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे हिथं वेलीची गाठ असते तसंच ना?" रोपवाटिकावाले काका, तुम्ही तिथं असायला हवे होतात. बोर्डोवरून मात्र वाद झालाच. दोघी पेस्ट लावणारच म्हणतात. लावू दे.

दोन्ही सकाळींची हजेरी लागली, मी स्वतः पुस्तक बघून आले. अकरा वाजता मिसळ खाल्ली, तेवढा खर्च माझा.

उरलेल्या दोन सकाळी पानगळ ताई आणि नर्स ताईंसाठी, पालखी पुढे गेली की तारीख कळवते. पत्रीच्या फेरीचं त्या जुन्या मावशींना विचारलं. आधी नाही म्हणाल्या. संध्याकाळी निघताना थांबल्या आणि म्हणाल्या, "विष्णुकांता आपल्या बागेत नाही. आधी लावावी लागंल." बी त्या गावाहून आणणार आहेत.

कुणाच्या शाळेत, क्लासमध्ये वापरात नसलेला फळा पडून असेल तर सांगा. छोटा चालेल. माईक नको म्हणतात, पण नावं लिहायला फळा पाहिजे.