नीत्शे आडनावाचा उगम, आणि आज हे आडनाव लावणारे नक्की किती? आकडे जुळत नाहीत

शब्दकुतूहल

जर्मन आडनावांवरच्या एका नोंदीसाठी माहिती हवी आहे. आडनाव आहे नीत्शे. रोमन लिपीत नऊ अक्षरं: एन-आय-ई-टी-झेड-एस-सी-एच-ई. तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शेमुळे ते जगाला माहीत झालं, पण खुद्द जर्मनीत ते दुर्मिळ आहे असं दिसतं.

उगमाबद्दल दोन मतं वाचायला मिळतात. एक म्हणतं, हे मूळचं पोलिश उमराव घराणं. दुसरं म्हणतं, निकोलाउस या नावाचं हे बोलीतलं रूप. खरं कोणतं?

लोकसंख्येचा गोंधळ त्याहून मोठा आहे. आडनावांच्या तीन संकेतस्थळांवर तीन आकडे मिळाले आणि त्यांत दुपटीहून जास्त फरक आहे. जर्मन जनगणनेतून अधिकृत आकडा मिळतो का? नसेल तर विश्वास ठेवता येईल असा अंदाज कसा काढायचा? आणि ‘आय’नंतरचा ‘ई’ नसलेलं किंवा ‘झेड’ नसलेलं रूप त्यात धरायचं की नाही?

---

मूळधातू

आधी उगम. निकोलाउस हेच बरोबर आहे.

मध्ययुगात संत निकोलाउसमुळे हे नाव जर्मन भाषक प्रदेशात घरोघरी होतं. प्रत्येक भागाने ते आपापल्या परीने आखडलं: कुठे क्लाउस, कुठे निकेल, सायलेशियात क्लोझे. पूर्वेकडे, म्हणजे साक्सनी, लाउझित्स आणि सायलेशियात, जर्मन आणि स्लाव वस्त्या शेजारी-शेजारी होत्या. तिथे नावाचा पहिला तुकडा ठेवून त्याला स्लाव वळणाचा ‘च’कारान्त प्रत्यय लावायची पद्धत रुजली. नारायणचा नाऱ्या होतो तितकीच ही सहज घडण आहे. निकोलाउसचं नित्शे झालं, फ्रीडरिशचं फ्रित्शे, योहानेसचं येन्च. बापाचं हाकेचं नाव पुढे मुलांना आडनाव म्हणून चिकटलं.

म्हणजे प्रत्यय स्लाव वळणाचा असला तरी त्यावरून कुटुंब पोलिश ठरत नाही. आजूबाजूच्या सॉर्ब, म्हणजे तिथल्या स्लाव, शेजाऱ्यांकडून उचललेला प्रत्यय जर्मन शेतकऱ्यानेही लावला आणि सॉर्ब शेतकऱ्यानेही.

पोलिश उमरावीची गोष्ट पसरवली ती मुख्यतः स्वतः फ्रीडरिश नीत्शेने. त्याने तसं लिहून ठेवलं आहे आणि त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. पण त्याच्या घराण्यातल्याच माक्स ओएलरने पूर्वजांच्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा सगळीकडे जर्मन नावंच निघाली. फ्रीडरिशचे वडील आयलेनबुर्गचे, आजोबा तिथेच चर्चचे सुपरिन्टेन्डेन्ट, आणि तो स्वतः १८४४ मध्ये ल्युत्सेनजवळच्या र्‍योकेनला जन्मला. हा सगळा साक्सनीच्या आसपासचा पट्टा आहे.

स्पेलिंगही तेच सांगतं. टी-झेड-एस-सी-एच ही लांबलचक जोडणी साक्सनीकडची खूण आहे. डेलिच या गावाच्या नावात हीच जोडणी आहे आणि उच्चार साधा ‘च’ होतो. त्यामुळे ‘नीचे’ हा उच्चारही जर्मनीत रूढ आहे, आपण मराठीत नीत्शे लिहीत असलो तरी.

---

जिल्हानकाशा

जनगणनेचा रस्ता बंद आहे. जर्मनीचं केंद्रीय सांख्यिकी कार्यालय आडनावांची वारंवारिता प्रसिद्ध करत नाही, आणि रहिवासी नोंदवही प्रत्येक नगरपालिकेची वेगळी. म्हणून जर्मन आडनावांचा जो कुठलाही एकूण आकडा दिसेल तो अंदाज समजायचा, आणि पहिला प्रश्न विचारायचा: कशावरून?

अभ्यासक ज्यावर भिस्त ठेवतात तो आधार म्हणजे २००५ सालच्या दूरध्वनी जोडण्या. फ्रायबुर्ग आणि माइन्त्सच्या अभ्यासकांनी जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह याच सामग्रीवर उभा केला. त्यात सुमारे २ कोटी ८२ लाख खासगी जोडण्या आणि साधारण साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं होती. माइन्त्सच्या अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोशही हीच सामग्री वापरतो आणि तो विनामूल्य आहे.

जोडण्यांवरून माणसं काढायची तर तेव्हाची लोकसंख्या, साधारण ८ कोटी २० लाख, भागिले २ कोटी ८२ लाख. उत्तर येतं २.९. कोणी २.६ धरतं, कोणी २.८. तुमच्या तीन आकड्यांतल्या फरकाचा एक भाग इथेच आहे, पण दुपटीचा फरक यातून येत नाही. तो आधार वेगळा असल्यामुळे येतो.

दुर्मिळ आडनावात हा गुणक जपून वापरा. समजा एखाद्या रूपाच्या ४० जोडण्या निघाल्या. सरळ गुणाकार ११६ देतो. पण इतक्या थोड्या घरांत कोणाकडे पाच माणसं आणि कोणाकडे एकटी म्हातारी बाई, याचा परिणाम मोठा होतो. ढोबळ नियम असा: जोडण्यांच्या वर्गमुळाच्या दुपटीइतकं खाली-वर धरा. ४० चं वर्गमूळ ६ च्या थोडं वर, म्हणजे २७ ते ५३ जोडण्या, म्हणजे ८० ते १५० माणसं. नोंदीत ‘११६’ लिहिणं चूक, ‘साधारण ८० ते १५०’ लिहिणं बरोबर.

नीत्शेच्या बाबतीत एक खास सापळा आहे. आडनावाचा गाभा पूर्वेकडचा, आणि पूर्व जर्मनीत एकीकरणाआधी फार थोड्या घरांत दूरध्वनी होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या निर्देशिकेवर काढलेला नकाशा साक्सनी आणि साक्सनी-आनहाल्ट फिकट दाखवतो. पाहणाऱ्याला वाटतं, आडनाव पश्चिमेचं. दुसऱ्या टोकाला, २००५ नंतर लोक घरचा दूरध्वनी सोडत गेले, म्हणून अगदी ताजी निर्देशिका जास्त चांगली असं मुळीच नाही. १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध ते २००५ हीच वापरायची खिडकी.

नकाशा दोनदा काढा, एकदा निव्वळ संख्येने आणि एकदा दर दहा लाखांमागे. समजा बर्लिनमध्ये १२ जोडण्या आहेत आणि ६०,००० जोडण्यांच्या एका लहान जिल्ह्यात ३. निव्वळ संख्येत बर्लिन चमकतं. दर दहा लाखांत त्या जिल्ह्याचे ५० होतात आणि बर्लिनचे त्याहून खूप कमी राहतात. पण ३ जोडण्या म्हणजे दोन भाऊ आणि एक चुलता असू शकतो. दोन्ही नकाशांत ठळक दिसेल तोच गाभा माना.

आणि जागतिक आकडा देणारी संकेतस्थळं सामाजिक माध्यमांवरून नावं उचलत असतील तर हे आडनाव त्यांच्यावर सोडू नका. नीत्शे हे नाव टोपणनाव म्हणून घेणारे कमी नाहीत. ज्या देशांशी या आडनावाचा संबंध नाही तिथे अचानक मोठा आकडा दिसला तर तो बाजूला काढा.

---

फ्राक्टुरवाचक

तिसरा प्रश्न, रूपं एकत्र धरायची की वेगळी, हा सगळ्यांत महत्त्वाचा. आधी वेगळी मोजा, मग गावाच्या आधारे जोडा.

कारण असं. नागरी नोंदणी येईपर्यंत स्पेलिंग पाद्रीच्या हातात होतं. एकाच बापाची दोन मुलं एकाच वहीत दोन स्पेलिंगांनी सापडतात. नागरी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ ला आणि उरलेल्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली, आणि त्या सुमारास जे रूप लिहिलं गेलं ते घट्ट झालं. नीत्शेचा पट्टा नेमका या सीमेवर पडतो: र्‍योकेन, नाउमबुर्ग, आयलेनबुर्ग प्रशियाच्या साक्सन प्रांतात, तर लाइपत्सिश आणि ड्रेस्डेन साक्सनीच्या राज्यात. त्यामुळे आज ‘नऊ अक्षरांचे नीत्शे किती’ या प्रश्नाचं उत्तर एका स्पेलिंगची संख्या सांगतं, एका कुळाची नाही.

१९१४ च्या आसपासचा फैलाव पाहायचा तर पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हानीच्या याद्या उत्तम. संगणकीय वंशशोधाच्या जर्मन संघटनेच्या स्वयंसेवकांनी त्यांची शोधसूची केली आहे: सुमारे ८५ लाख नोंदी, शोध विनामूल्य. १९४५ नंतर पूर्वेकडून सुमारे सव्वा कोटी जर्मन हाकलले गेले, त्यामुळे सायलेशियातलं ‘झेड’विना रूप २००५ च्या नकाशावर देशभर विखुरलेलं दिसतं. या याद्यांत ते अजून आपल्या गावी आहे.

मोजताना मात्र एक नोंद म्हणजे एक माणूस नव्हे. याद्यांत मृतांसोबत जखमी, बेपत्ता, कैदी असे सगळे आहेत. आधी जखमी आणि मग मृत झालेला शिपाई दोनदा येतो, दुरुस्तीची नोंद असेल तर तीनदा. नाव आणि गाव जुळलं की एकच धरा.

शोध असा घ्या. एन-आय, मग तारा (म्हणजे तिथे कोणतीही अक्षरं चालतील), मग एस-सी-एच, मग तारा. यात नऊ अक्षरी रूप, ‘ई’विना, ‘झेड’विना आणि ‘के’ असलेलं नित्श्के, सगळी येतात. सोबत निकिश येतं, ते हाताने काढा. ध्वनीवर आधारित शोधावर विसंबू नका. नावाच्या उच्चाराला आकडे देणाऱ्या कोल्न पद्धतीत नीत्शे आणि नित्शे दोन्ही ६८ होतात, हे चांगलं. पण तिथे एम आणि एन दोघांनाही ६ मिळतो, म्हणून मास आणि मोस हीसुद्धा ६८. आणि नित्श्के ६८४ होतं, म्हणजे नेमकं जे हवं ते निसटतं.

यानंतर वाचनातल्या चुका. फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत मोठा एन आणि मोठा आर जवळजवळ जुळे: दोघांचाही डावा खांब वळणदार आणि उजवा पाय बाहेर झुकलेला. म्हणून तोच शोध आर-आय ने पुन्हा घ्या. काही ‘रीत्शे’ हे खरे नीत्शे निघतील, पण रीत्शेल हे स्वतंत्र आडनाव आहे, त्याला ओढू नका. लांब एस, म्हणजे छोट्या एसचं जुनं उंच रूप, हा एफ सारखा दिसतो; फरक इतकाच की एफची आडवी रेघ खांबाच्या आरपार जाते. यंत्रवाचन तिथे हमखास ‘एफ-सी-एच’ करतं.

कुरेन्ट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या लिपीत अडचण वेगळी. तिथे छोटा ई म्हणजे दोन तिरक्या काड्या, आणि छोटा एनही तसाच. नीत्शेत ई दोनदा येतो, म्हणून शेवटी एन वाचून ‘नीत्शन’ असं न अस्तित्वातलं आडनाव सूचीत शिरतं. अठराव्या शतकापर्यंत बायकांच्या आडनावाला ‘-इन’ लागायचं, नीत्शिन वगैरे. तेही वेगळं आडनाव समजून मोजलेलं आढळतं.

---

शब्दकुतूहल

खूप उपयोगी, आभार. मग नोंदीत आडनावाच्या आजच्या स्थितीबद्दल काय लिहावं? तत्त्वज्ञाचे वंशज आहेत असं एका ठिकाणी वाचलं. आणि जोडआडनावं कुठे मोजायची?

---

जिल्हानकाशा

थेट वंशज नाहीत. फ्रीडरिशला मूल नव्हतं, धाकटा भाऊ १८५० मध्ये तान्हेपणीच गेला, आणि बहीण एलिझाबेथ १९३५ मध्ये निपुत्रिक वारली. ती शाखा तिथे थांबली. आजचे नीत्शे दुसऱ्या शाखांचे किंवा पूर्णपणे असंबद्ध कुटुंबांचे. निकोलाउस नावाचे बाप गावोगाव होते, त्यामुळे हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं.

एलिझाबेथ फ्योर्स्टर-नीत्शे हेच जोडआडनावाचं उदाहरण. वर्णक्रमाच्या यादीत ती एफ खाली जाते आणि नीत्शेच्या मोजणीतून सुटते. म्हणून जोडरूपं वेगळ्या रकान्यात ठेवा, बेरजेत धरू नका, फक्त संख्या नोंदवा. पुढे हा रकाना वाढणार आहे. १९७६ पासून जोडप्याला पत्नीचं आडनाव निवडता येतं, १९९० च्या दशकापासून दोघांना आपापलं ठेवता येतं, आणि १ मे २०२५ पासून दोघांना मिळून जोडआडनाव घेता येतं, ते मुलांनाही देता येतं. दुर्मिळ आडनाव पूर्वी मुलगी लग्न करून गेली की संपायचं, ते आता जोडनावात टिकेल, पण मोजणाऱ्याला ते तिथे शोधावं लागेल.

अमेरिकेचा आकडा द्यायचा असेल तर २०१० च्या जनगणनेची आडनावयादी पाहा. त्यात १,६२,२५३ आडनावं आहेत, पण किमान १०० जणांचं असलेलंच आडनाव यादीत येतं. तिथे नाही म्हणजे शून्य नव्हे, शंभरच्या आत. नेदरलँड्ससाठी १९४७ आणि २००७ ची मोजणी आडनावांच्या संग्रहात शोधता येते.

---

फ्राक्टुरवाचक

एक भर. नोंदीत आकड्याशेजारी वर्ष, आधार आणि अचूक स्पेलिंग तिन्ही द्या: ‘२००५, दूरध्वनी जोडण्या, नऊ अक्षरी रूप’. चर्चच्या वह्यांसाठी हा पट्टा प्रोटेस्टंट आहे, म्हणून आर्खिऑन हे चर्चवह्यांचं संकेतस्थळ पाहा; ते सशुल्क आहे. मात्रिकुला हे तसंच दुसरं संकेतस्थळ विनामूल्य असलं तरी मुख्यतः कॅथलिक वह्यांचं, तिथे या आडनावासाठी वेळ घालवू नका. नागरी नोंदी कायद्याने जन्माच्या ११०, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी अभिलेखागारात खुल्या होतात. म्हणून आधी मृत्यूच्या नोंदीपासून मागे जा. त्यात बहुधा आईवडिलांची नावं मिळतात आणि पुढच्या जन्मनोंदीचं गाव कळतं.