बेसला कॉम्प्रेसर पेडल: नॉब कसे लावायचे आणि मुळात लागतो का?

ठाण्याचा_बेस

नमस्कार मंडळी. चार तारांचा पॅसिव्ह जॅझ टाइप बेस आहे माझा, सीझनला गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा शो करतो आणि एरवी मित्रांचा फंक-रॉक बँड आहे. आवाज समान येत नाही ही मुख्य तक्रार. ई तारेवरच्या नोट्स दणकून येतात, डी आणि जी तारेवर गेलो की बेस गायब, त्यात जी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी तर वाजवल्या वाजवल्या मरतो. आमच्या प्रॅक्टिस रूममध्ये ए नोट एवढी घुमते की बाकीचे वळून बघतात. आणि स्लॅप केलं (अंगठ्याने तार आपटली) की ॲम्पचा क्लिपचा, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा, लाल दिवा लागतो.

सगळे म्हणतात कॉम्प्रेसर घे, म्हणजे जोरातला आवाज दाबून सगळ्या नोट्स एका पातळीच्या जवळ आणणारा पेडल. गिटारवाल्या मित्राचा जुन्या पद्धतीचा दोन नॉबवाला लावून बघितला, एक व्हॉल्यूमचा आणि एक सेन्सिटिव्हिटीचा. आवाज समान झाला हे खरं पण खालचा भरीवपणा कमी झाला, बोटाचा पहिला ठोका बोथट झाला आणि वाजवणं थांबवलं की सूंsss वर येतं. आता हे सेटिंगचं आहे का पेडलचं, बेससाठी वेगळाच घ्यावा लागतो का, आणि घेताना कुठले नॉब असलेला बघायचा? ट्यूनर, ऑटो-वॉ आणि ओव्हरड्राइव्ह आहेत माझ्याकडे, त्यात हा कुठे बसवू? बजेट पाच-सहा हजार, सेकंडहँड चालेल.

रिलीज_हळू

भावा तू एका पेडलकडून चार कामं मागतोयस आणि त्यातली दोन त्याची नाहीतच, आधी ती बाजूला काढू.

ए नोट घुमते ती रूममुळे. उघडी ए म्हणजे 55 हर्ट्झ, खोलीच्या लांबी-रुंदीत ती लाट नेमकी बसली की भिंती तिला मोठं करतात. हे सगळं आवाज स्पीकरच्या बाहेर पडल्यावर घडतं, पेडलला त्याचा पत्ताच नसतो, त्याच्या दृष्टीने ए आणि जी सारख्याच. ॲम्प कोपऱ्यातून काढ, भिंतीपासून पुढे ओढ, उभा राहायची जागा बदलून बघ, आणि ईक्यूवर 55 च्या आसपास थोडं कमी कर. बहुतेक तेवढ्याने भागेल.

जी तारेचा सी मरतो तो डेड स्पॉट. बोल्ट-ऑन नेकच्या बऱ्याच बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या पट्ट्यात तो सापडतो, नेक त्या नोटेसोबत स्वतः थरथरते आणि तारेची ताकद खाते. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की जागा सरकते, कधी कधी दोन फ्रेटच्या मध्ये जाऊन बसते आणि मग त्रास देत नाही. तोच सी डी तारेच्या दहाव्या फ्रेटवर पण आहे, लांब धरायचा असेल तर तिथे घे. कॉम्प्रेसर शेपूट थोडी वर उचलेल, पण मेलेल्या नोटेत तो जीव कुठून आणणार.

ई दणकट आणि जी फिकी, हे आधी पिकअपच्या (तारेखालचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) उंचीत बघ. स्क्रू ड्रायव्हर घे, ई बाजूचा स्क्रू अर्धा फेरा खाली, जी बाजूचा अर्धा फेरा वर, वाजवून बघ, परत अर्धा. जास्त जवळ नेलास तर चुंबक तारेला ओढतो आणि नोट बेसूर डुलायला लागते, तिथून मागे ये. तारा जुन्या झाल्या असतील तर तो पण एक भाग आहेच.

एवढं करून जे उरेल ते कॉम्प्रेसरचं. हाताचा जोर कमीजास्त होतो ते, आणि स्लॅपचे टोकदार ठोके. ह्या दोन्हीत तो खरंच कामाचा आहे.

निळी_स्ट्रॅट

दोन नॉबवाल्याबद्दल मी सांगतो, गिटारवर वर्षानुवर्षं तोच वापरतोय. एमएक्सआरचा डायना कॉम्प 70 च्या दशकातला, त्याच्या धर्तीवर पुढे असंख्य पेडल निघाले. अटॅक (किती लवकर दाबायचं), रिलीज (किती लवकर सोडायचं), रेशो (किती प्रमाणात दाबायचं) सगळं आतमध्ये ठरलेलं असतं, तुझ्या हातात फक्त किती दाबायचं आणि किती जोरात बाहेर काढायचं. सेन्सिटिव्हिटी वाढवतोस तेव्हा तो मुळात आतला गेन वाढवत असतो. तू वाजवतोयस तोवर तो गेन दाबलेला असतो, थांबलास की पूर्ण मोकळा होतो आणि सोबत पिकअपची गुणगुण, केबलची खरखर, सगळं वर. तुझं सूंsss ते हेच. पेडल बिघडलेला नाहीये. नॉब बारा वाजण्याच्या पुढे नेऊ नको, बराच फरक पडेल. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवलेस तर सिंगल कॉइलची गुणगुण पण बरीच कटते, एक थोडा जरी कमी केलास की परत येते.

गिटारवर हा पेडल इतका आवडतो त्याचं कारण क्लीन आवाज. फंकचं ते टकाटक स्ट्रमिंग, दोन-तीन तारांचे छोटे कॉर्ड, त्यात प्रत्येक फटका एका उंचीला बसतो आणि ड्रमच्या हायहॅटसोबत चिकटून चालतो. मोठ्या डिस्टॉर्शनच्या आधी लावायला मला आवडत नाही, डिस्टॉर्शन स्वतःच लाट कापून सपाट करतं, म्हणजे दाबायचं काम आधीच झालेलं असतं, वर नुसता नॉइज वाढतो. हलक्या ओव्हरड्राइव्हच्या आधी मात्र छान, नोट लांबते आणि ड्राइव्ह एकसारखा राहतो.

पण गिटारची सर्वात खालची उघडी ई 82 हर्ट्झ आणि बेसची 41, पूर्ण एक सप्तक खाली. गिटारच्या रेंजसाठी बांधलेल्या सर्किटकडून तिथे भरीवपणा मागणं जरा जास्तच. मित्राचा मित्राकडे राहू दे.

रिलीज_हळू

बरोबर. आता नॉबचं. कॉम्प्रेसर कळायला मला सगळ्यात जास्त ह्याच एका गोष्टीने मदत केली म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

41 हर्ट्झ म्हणजे एक लाट पूर्ण व्हायला जवळपास 24 मिलिसेकंद. पाच तारी बेसची लो बी 31 हर्ट्झ, तिला 32. आता अटॅक 1 मिलिसेकंद आणि रिलीज 20-30 असा ठेवलास तर कॉम्प्रेसर नोटेचा जोर बघायच्या ऐवजी लाटेचा प्रत्येक चढउतारच बघायला लागतो, एकाच लाटेत दाबतो पण आणि सोडतो पण, म्हणजे लाटेचा आकारच बदलतो. ऐकायला ते फाटल्यासारखं घरघरणं येतं आणि माणूस समजतो ॲम्प गेला किंवा पिकअप खराब. बारीक, वेगवान सेटिंग गिटारच्या वरच्या तारांवर खपून जातं, बेसवर खपत नाही.

म्हणून सुरुवात अशी कर: अटॅक 20 ते 40 मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा किंवा अंगठ्याचा पहिला ठोका मोकळा निघून जातो आणि त्याच्या मागचं अंग दाबलं जातं, तुझा बोथटपणा इथेच जाईल. स्लॅपला ॲम्पचा लाल दिवा तरीही लागत असेल तर 10 पर्यंत खाली ये, कारण जो ठोका मोकळा सोडतोस तोच दिवा लावतो, तेवढी देवाणघेवाण आहेच. रिलीज 100 ते 200. गाण्याची लय 120 असेल तर दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंद, आणि एका ठोक्यात दोन नोट्स वाजवतोस तर 250. पुढची नोट यायच्या आत कॉम्प्रेसर सुटलेला हवा, नाहीतर दुसरी नोट पहिलीच्या सावलीत दबूनच सुरू होते.

रेशो 4:1 ठेव. थ्रेशोल्डच्या (ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती) 8 डीबी वर गेलेली नोट 4:1 ला फक्त 2 डीबी वर राहते, म्हणजे 6 डीबी कापले. नेहमीच्या वाजवण्यात 3-4 आणि जोरात मारल्यावर 6 च्या आसपास कटत असेल तर ठीक. हे दिसायला पेडलवर एलईडीची पट्टी असलेली खूप बरी, सुरुवातीला कान फसतात.

ऐकायची युक्ती अशी की आधी मुद्दाम अति कर. थ्रेशोल्ड पार खाली, रेशो पार वर, आणि मग नुसता अटॅक फिरव, ठोका कुठे मरतो आणि कुठे जिवंत होतो ते स्वच्छ ऐकू येतं. मग रिलीज. ते दोन्ही जागेवर बसले की रेशो-थ्रेशोल्ड मागे आण. शेवटी पेडल चालू आणि बंद दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी कर, कारण जरा मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं आणि तू मोठेपणाच्या प्रेमात पडशील, कॉम्प्रेशनच्या नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठरवू नको, बऱ्याच फोनचं रेकॉर्डिंग आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतं, त्यात तुझा पेडल काय करतोय ते कळणारच नाही.

जुना_चौतारी

मी वेगळं मत मांडतो. पेडल न लावता आयुष्य काढलंय ऑर्केस्ट्रात. ढोलकीसोबत बेस वाजवायचा तर डाव्या पुडीचा घुमारा आणि तुझी नोट एकाच जागेत असतात, तिथे कधी वादकाला जागा द्यायची आणि कधी वर यायचं हे बोटानेच करावं लागतं. लावणीत ढोलकीवाला उठान घेतो तेव्हा मी हात हलका करतो, तो समेवर आला की माझा ठोका त्याच्यासोबत पडतो. कॉम्प्रेसरने हे सगळं एका पातळीला आणून ठेवलं तर मग मी काय वाजवलं? आधी मेट्रोनोम लावून चारही तारांवर एकसारख्या जोराने वाजवायचा रियाज कर, उजव्या हाताची बोटं पिकअपवर कुठे टेकतात ते बघ. डी-जी तारेवर बोट ब्रिजकडे सरकत असेल तर आवाज पातळ होणारच.

रिलीज_हळू

दादा, रियाजाचं शंभर टक्के मान्य, आणि हाताची जागा मी बघायला सांगायला हवी होती ती तुम्ही सांगितलीत. फक्त कॉम्प्रेसर सगळं सपाटच करतो असं नाही, थ्रेशोल्ड वर ठेवला तर तुमचा हलका हात तसाच हलका राहतो, नुसते अंगावर येणारे ठोके आवरले जातात. ब्लेंड नॉब असेल तर अजून सोपं, निम्मा मूळ आवाज आणि निम्मा दाबलेला, म्हणजे बोटाचा चढउतार पण राहतो आणि खालचा भरीवपणा पण. ठाण्याचा_बेस, तुझ्यासाठी म्हणूनच माझं मत ठाम आहे: ब्लेंड असलेला घे. अटॅक-रिलीज वेगळे नसले तरी एक वेळ चालेल, ब्लेंड हवाच.

ठाण्याचा_बेस

खूप मोठी मदत झाली सगळ्यांची. कालच पिकअप खालीवर केला, निम्मा प्रश्न तिथेच सुटला, डी तार आता बोलायला लागलीये. दोन शंका अजून. शोला आमचे साउंडवाले दादा डीआय मधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जोडणारा डबा) सरळ मिक्सरवर घेतात, ते पण बेसच्या चॅनलला कॉम्प्रेसर लावतात असं कळलं, मग माझा लावू का नको? आणि नेटवर 1176 टाइप, ऑप्टिकल टाइप असं लिहिलेलं असतं ते बघून घ्यायचं असतं का?

फेडर_शून्यावर

मी त्या टेबलच्या पलीकडचा माणूस. साउंडचेकला येऊन नुसतं एवढं सांगा की दादा माझ्याकडे कॉम्प्रेसर चालू आहे, मी माझा कमी करतो किंवा फक्त वरचे टोक धरायला ठेवतो. न सांगता दोघांनी 6-6 डीबी कापले की बेस स्टेजवर बरा आणि मैदानात निर्जीव, आणि मग मी फेडर ढकलत बसतो. तुमच्या पेडलचं काम तुमच्या हाताचा आवाज घडवणं, माझं काम तो मैदानात बसवणं, दोन्ही थोडे थोडे असले तर उत्तम बसतात. साउंडचेक झाल्यावर मात्र पेडलचा लेव्हल नॉब हलवू नका, हात जोडून विनंती.

अजून एक, छोट्या ॲम्पवर जपून. कॉम्प्रेसरने टोकं आवरली की मास्टर वाढवायचा मोह होतो, लाल दिवा लागत नाही म्हणून. पण आता सरासरी ताकद वाढलेली असते आणि स्पीकरची कॉइल तापते ती सरासरीने. तीन-चार तासांच्या शोला हे लक्षात असू द्या.

टाइपचं थोडक्यात: 1176 हा 60 च्या दशकात बिल पुटनम यांनी आणलेला स्टुडिओ कॉम्प्रेसर, एफईटीवर (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा, अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंद म्हणजे प्रचंड वेगवान. त्याच्या धर्तीचे पेडल चपळ असतात, स्लॅपला छान. त्यावर अटॅकचा नॉब उजवीकडे नेला की वेग वाढतो, बाकी बऱ्याच कॉम्प्रेसरच्या उलट, म्हणून तसा पेडल घेतलात तर मॅन्युअल उघडून खात्री करा. ऑप्टिकलमध्ये आत एक दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर असतो, तो जात्याच सावकाश, सोडताना तर आधी पटकन आणि मग रेंगाळत सोडतो. बोटाने वाजवणाऱ्याला, संथ गाण्यांना तो गोड लागतो. तुमच्या मिश्र कामाला दोन्ही चालतील, टाइपवर अडून बसू नका, ब्लेंडचं वर सांगितलंय ते महत्त्वाचं.

निळी_स्ट्रॅट

चेनचं, म्हणजे पेडलच्या क्रमाचं, उत्तर राहिलंच की. ट्यूनर, मग ऑटो-वॉ, मग कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह. ऑटो-वॉ तुझ्या हाताच्या जोरावर उघडतो-मिटतो, त्याच्या आधी कॉम्प्रेसर लावलास तर त्याला प्रत्येक नोट सारखीच दिसते आणि तो अर्धवट उघडून राहतो. शिवाय ऑटो-वॉचा जो टोकदार क्वॅक येतो तो कॉम्प्रेसरने मागून आवरला जातो, फंकला एकदम कामाचं. आणि सेकंडहँड बघायला जाशील तेव्हा ॲडॅप्टर स्वतःचा ने, बरेचसे 9 व्होल्ट सेंटर निगेटिव्हच असतात पण पेडलच्या मागे छापलेलं बघूनच लाव. हेडफोनवर न बघता ॲम्पवर वाजव, काही न वाजवता नॉब फिरवून नॉइज किती येतो ते ऐक, आणि उघडी ई लांब धरून ब्लेंड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ने. दोन्ही टोकांना खालचा भरीवपणा जागेवर असेल तर घेऊन टाक.