चर्चा: २४०झेडला हेडर लावावा, की बिडाचा मॅनिफोल्डच बरा?

फ्रीमाँटकर
माझी १९७१ ची डॅटसन २४०झेड. सायलेन्सर गंजून चाळण झालाय, त्यामुळे एक्झॉस्ट बदलणं आलंच. आणि हा विषय काढला की भेटेल तो म्हणतो, "मग हेडरच टाक ना!" (मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा ओतीव तुकडा; हेडर म्हणजे त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला पातळ पत्र्याची वेगळी नळी.) माझं मत उलट आहे. इथे मांडतो, झोडपा.

इंजिन मूळचंच. एल२४, २,३९३ सीसी, एसयू धाटणीचे दोन कार्बोरेटर, कॅम (झडपा उघडणारा दांडा) कारखान्याचा, हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) कुणी हात लावलेला नाही. अशा इंजिनाची वाट बिडाचा मॅनिफोल्ड अडवत नाही. अडवते ती त्याच्या पुढची बारीक नळी आणि सायलेन्सर. म्हणून मॅनिफोल्ड तोच ठेवायचा, त्याखाली सव्वादोन, फार तर अडीच इंची एकच नळी (वळणावर चेपलेली नको), मध्ये रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा छोटा डबा) आणि मागे बरा सायलेन्सर. बस.

दुसरं कारण उष्णतेचं. या इंजिनात पेट्रोल आत येतं आणि धूर बाहेर जातो तो हेडच्या एकाच अंगाने. वर कार्बोरेटर, खाली मॅनिफोल्ड. चुलीवर दुधाचं पातेलं ठेवावं तसं. पातळ पत्र्याच्या सहा नळ्या बिडापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतात. इकडे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात पेट्रोल भरून पाच मिनिटांनी गाडी सुरू करून बघा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळलेलं असतं, स्टार्टर नुसता कण्हत राहतो. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, ते आणखी लवकर उकळतं.

सहा_नळ्या
काका, गाडी फ्रिजसारखी गप्प हवी होती तर कॅमरी घ्यायची होती.

एका रांगेतल्या सहा सिलिंडरांची मजाच एक्झॉस्टमध्ये आहे. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. म्हणजे पुढच्या तिघांत इंजिन दर २४० अंश फिरलं की एक ठोका आणि मागच्या तिघांतही तसाच. तीन-तीन नळ्यांची दोन टोळकी करून पुढे एकत्र आणली की एका सिलिंडरचा धूर सुटताना मागे जी ओढ तयार होते, ती पुढच्या सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढून काढते. व्ही८ वाल्यांना एवढं सरळ गणित मिळत नाही. बिडाच्या आखूड डब्यात ही ओढ मिळेल कुठून? माझ्या गाडीत चार हजारांच्या पुढे इंजिन मोकळं होतं, ते पायाला कळतं.

उष्णतेसाठी सिरॅमिक कोटिंग करून घ्या आणि कार्बोरेटरखालचा कारखान्याचा पत्रा फेकू नका. लोक तो काढून टाकतात आणि मग हेडरला शिव्या घालतात.

सदाशिव_बुलेट
पुण्यातून. झेड फक्त फोटोत बघितली आहे, पण सायलेन्सर बरेच बघितलेत. आमच्याकडे बुलेटचा सायलेन्सर मोकळा केला की आवाज वाढतो आणि पिकअप जातो. (पोलीस तेच सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवतात, ते वेगळं.) इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच. मोठी नळी टाकू नका.

सहा_नळ्या
बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं हो. हवा असतो धुराचा वेग. नळी फार रुंद केली की वेग पडतो, ओढ मरते आणि खालच्या आरपीएमला गाडी आळशी होते. लोकांना वाटतं प्रेशर गेलं, खरं तर गेलेला असतो वेग. शिवाय तुमच्या बुलेटचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) कुणी बदलला होता का? धूर मोकळा झाला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. झेडचे एसयू कार्बोरेटर बऱ्यापैकी सांभाळून घेतात, तरी त्यांतली पेट्रोल मोजणारी नीडल तपासावीच लागते.

सदाशिव_बुलेट
जेट नव्हता बदलला. हं.

पान्याची_पोर
दोघांचंही ऐकून झालं. आता हात काळे झालेल्या बाईचं ऐका. मिशिगनमध्ये गेली काही वर्षं मी एल-सिरीज इंजिनं (तुमचं एल२४ त्यातलंच) उघडझाक करते आहे. हेडर चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी तो नीट बसणार का?

या हेडवर इनटेक (पेट्रोल-हवा आत नेणारा मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट यांचं गॅस्केट एकच, आणि मधले बरेच स्टडही (हेडमध्ये रोवलेले बोल्ट) दोघांत सामाईक. एकच जाड वायसर अर्धा इनटेकच्या कानावर आणि अर्धा एक्झॉस्टच्या कानावर दाब देतो. बाजारातल्या हेडरची फ्लँज (हेडला टेकणारी जाड पट्टी) इनटेकच्या फ्लँजपेक्षा पातळ निघाली की वायसर तिरका बसतो. एक बाजू आवळली जाते, दुसरी फुसफुसते. मग ॲक्सिलरेटर सोडला की मागे फटाके. पोरांना वाटतं गाडी रेसिंगची झाली. अहो, गळक्या जोडातून हवा आत ओढली जातेय! कॅलिपरने दोन्ही फ्लँज मोजा, जी पातळ असेल तिथे वायसर घासून किंवा पट्टी देऊन उंची जुळवा. मोजमाप न करता हेडर मागवणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही.

दुसरं, पोर्टचा, म्हणजे हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाचा, आकार. २४०झेडच्या हेडला चौकोनी तोंडं. १९७७-७८ च्या २८०झेडवरचं एन४७ हेड गोल तोंडाचं, आत लायनर (अस्तर). गोलासाठीचा हेडर चौकोनावर चढवला की धुराला दारातच पायरी.

आणि सगळ्यात मागचा स्टड. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा, दोघं तापल्यावर वेगवेगळे फुगतात, आणि वर्षानुवर्षं तो शेवटचा स्टड ताण खातो. तुटला तर तो काढायला अख्खा दिवस जातो. फ्रीमाँटकर, तुमचा मॅनिफोल्ड आज धड असेल तर तो हलवू नका. याच एका कारणासाठी मी तुमच्या बाजूने आहे, उष्णतेच्या नव्हे. पेट्रोल बिडाच्या मॅनिफोल्डवरही उकळतंच.

फ्रीमाँटकर
स्टडचं आठवून पोटात गोळा आला. उष्णतेचं निम्मं मान्य.

बँडेजसारखी पट्टी हेडरला गुंडाळतात, ती कशी?

पान्याची_पोर
साध्या पोलादावर नको. पट्टी ओल धरते, आतून गंज खातो, आणि उलगडाल तेव्हा हातात जाळी येते.

शनिवारची_स्वारी
तुम्ही सगळे इंजिनाजवळ भांडताय. माझी तक्रार शेपटाकडची. आमच्या झेडला एका दुकानात नवा एक्झॉस्ट बसवला, टोक छान दिसावं म्हणून आखूड कापलं. पहिल्याच फेरीला सौ.नी नाकाला पदर लावला आणि घरी येईपर्यंत डोकं धरून बसल्या. या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर हॅचच्या (मागच्या दाराच्या) रबरातून, मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. आधी सगळी रबरं बदला, फरशीतली भोकं बुजवा, टोक बंपरच्या बाहेर काढा. एवढं झाल्यावर हेडरच्या गप्पा.

सहा_नळ्या
हे मात्र शंभर टक्के.

पण फ्रीमाँटकर, मूळ मुद्दा तसाच राहिला. तुम्ही हेडरची गाडी चालवली आहे का कधी? माझी रविवारी घेऊन जा.

फ्रीमाँटकर
नाही चालवली. येतो. पण माझी अट. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉगची तपासणी नाही, पण आवाजाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि माझे कान त्याच्याही आधी कुरकुरतात. चार गिअरची गाडी ६५ मैलांवर साधारण तीन हजार आरपीएमला फिरते. सहा सिलिंडर म्हणजे फेरीला तीन ठोके, सेकंदाला दीडशे. गाडीच्या आत घुमणारा नेमका तोच सूर. तेव्हा चार हजारांपुढची मजा नंतर दाखवा. आधी ६८० हायवेवर काचा बंद करून, सरळ ६५ वर, अर्धा तास. सौ. पण येतील.

सहा_नळ्या
काकूंना आणू नका ना.