मदत हवी आहे: आराम सांगितलाय, पण दम आणि उमेद कशी टिकवायची?

राही२२
नमस्कार. आज चौदावा दिवस. डॉक्टरांनी "तीन आठवडे आराम" एवढंच सांगून पाठवलं. निवड चाचणी पाच आठवड्यांवर आली आहे. संध्याकाळचे साडेपाच वाजले की हात आपोआप बुटांकडे जातो आणि मग रडू येतं. नऊ मिनिटांचा दम मी दोन वर्षं घाम गाळून कमावलाय, तो असा बसून घालवायचा का? वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. पायाला त्रास न देता दम कसा राखायचा आणि मनाने कसं टिकायचं ते सांगा. "धीर धर" सोडून काहीही चालेल. लवकर सांगा प्लीज.

कोथरूडकर
अहो, पण झालंय काय? कुठला पाय, पायाचा कुठला भाग, एक्सरे काढला का, खेळता काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

बापूसाहेब
गुडघा असणार. माझाही सिंहगड उतरताना असाच गेला होता. पायथ्याला आतकरवाडीत पोचेपर्यंत दोन तास लागले. रोज बसल्या जागी पाय सरळ करून मांडी घट्ट आवळायची, दहा अंक मोजायचे, सोडायची. मी तीन महिने नेमाने केलं. आज पुन्हा दर रविवारी वर जातो. गुडघ्याला याहून चांगलं काही नाही.

राही२२
काका, गुडघा नाही, घोटा आहे. उजवा. मुरगळला.

जुना गडी
नऊ मिनिटं म्हणालीस म्हणून विचारतो, नऊ मिनिटांचा डाव म्हणजे खो-खो का?

राही२२
हो, खो-खोच. लिहायचं राहूनच गेलं. खांबाला वळसा घेताना पाऊल मॅटच्या जोडावर पडलं आणि आत वळलं. 'टक्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज, दुसऱ्या दिवशी बोटांपर्यंत निळं. एक्सरेत हाड नीट आहे. लिगामेंटला, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, मार आहे म्हणाले, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पुढचा पेशंट आत घेतला. किती फाटलंय हे कुणी हात लावून बघितलंच नाही. वय २२.

जुना गडी
मॅटच्या जोडावर! हेच मी दहा वर्षं सांगतोय. आम्ही मातीवर खेळलो, गुडघे-कोपरं सोलून निघायची, पण माती पावलाला थोडं सरकू देते. मॅट बूट धरून ठेवते, मग वळतो तो घोटा.

सौरभ_आक्रमक
काका, आदराने सांगतो, हे पटत नाही. मातीत खड्डा असला की तिथेही घोटा जातोच, माझा तसाच गेलाय. आणि आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तो मॅटवरच. आपले दोन्ही संघ जिंकले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मातीवर सराव करून तिथे कसं उभं राहणार?

जुना गडी
जिंकले याचा अभिमान मलाही आहे, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती पोरं घडली कुठे? शाळेच्या मैदानात, मातीवरच.

निशिगंध
माती-मॅटसाठी वेगळा धागा काढा ना, इथे पोरगी अडली आहे. राही, आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप लाव. आमच्या घरात तीन पिढ्या हेच करतोय.

कोथरूडकर
शेक नको, बर्फ! घोटा मुरगळला की बर्फ, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

निशिगंध
मी शेक म्हटलंच नाही, लेप म्हटलं. आणि चौदा दिवसांनी बर्फ कशाला?

मेधा_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागा वाचून निदान होत नाही, म्हणून आधी तीन प्रश्न. सपाट रस्त्यावर चालताना लंगडतेस का? त्या एका पायावर अनवाणी किती सेकंद उभी राहू शकतेस? आणि या चौदा दिवसांत पळून बघितलंस का? तिसऱ्याचं उत्तर खरं दे.

राही२२
लंगडत नाही, फक्त सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं. एका पायावर आत्ता उभी राहून बघितलं. चार सेकंद. दुखत नाही, पण पाऊल थरथरतं आणि बोटं फरशी धरायला बघतात.
तिसरं: हो. नवव्या दिवशी पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढून आले. चढताना काही नाही, उतरताना कळ आली. परवा गच्चीवर थोडी पळाले, तेव्हा पुन्हा सूज. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मेधा_फिजिओ
सांगितलंस ते बरं केलंस. म्हणजे तुझा आराम चौदा दिवसांचा नाहीच, परवापासून मोज.

ते थरथरणं नीट समजून घे. लिगामेंट ही नुसती दोरी नव्हे. पाऊल कसं पडलंय, किती कललंय, ही खबर तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला जाते. लिगामेंट फाटलं की ती खबर उशिरा पोचते, घोट्याला सावरायला वेळ मिळत नाही आणि तो पुन्हा त्याच बाजूला जातो. सूज उतरली, दुखायचं थांबलं, तरी हे आपोआप सुधारत नाही. तोल शिकवावा लागतो. नुसतं पडून राहून तू चाचणीला उतरलीस तर खांबाच्या पहिल्याच वळशाला मला तुझी काळजी वाटेल.

या आठवड्यात प्रत्यक्ष तपासून घे. हाताने ताण देऊन कितपत सैल आहे ते बघणारा माणूस हवा. त्यांनी हो म्हटल्यावर एक सोपी गोष्ट: खुर्चीत बस, पाय हवेत धर, आणि अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढ. अ पासून ज्ञ पर्यंत, मोठी, सावकाश, गुडघा न हलवता. सगळ्या दिशा त्यात येतात. पुढे ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, मग बोट सोडून, मग डोळे मिटून.

डाव्या पायाचा व्यायाम अजिबात थांबवू नकोस. एका पायाची ताकद वाढवली की दुसऱ्याचीही थोडी टिकते. हे खरं आहे, त्यात मज्जासंस्थेचा हात आहे. पोट, पाठ, नितंब, खांदे सगळं चालू ठेव. दमासाठी: तपासणीनंतर परवानगी मिळाली तर स्टँडवरची सायकल, किंवा खोल पाण्यात कमरेला तरंगणारा पट्टा बांधून जागच्या जागी पळणं. पाय तळाला टेकत नाही, छाती मात्र भात्यासारखी चालते.

आणि जेवण आजपासून सुरू कर. फाटलेलं शरीर भरून काढतंय आणि तू त्याचं सामान बंद केलंस. दूध, उसळ, डाळ, खात असशील तर अंडी. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

बापूसाहेब
पाण्यावरून आठवलं. आपल्या पुण्यातच राहणारे मुरलीकांत पेटकर मुळात सैन्यातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय गेल्यासारखेच झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं. पोरी, तुझा तर फक्त घोटा आहे.

मुग्धा
काका, "फक्त घोटा" म्हणू नका. दुखापत मोठी की लहान, घरी बसलेल्याला रोजची संध्याकाळ तेवढीच लांब असते. पेटकरांबद्दल आदर आहेच, पण मी कबड्डी खेळताना पडले तेव्हा असल्या गोष्टी ऐकून मला आणखी अपराधी वाटायचं.

बापूसाहेब
बरोबर आहे तुमचं. तो शब्द मागे घेतो.

जुना गडी
राही, साडेपाचला घरी बसूच नकोस. मैदानावर जा. वही घे, घड्याळ घे. समोरचा संघ साखळीत, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी, पळताना कितव्या चौकोनानंतर दिशा बदलतो, कोण दमला की खांबाकडे ओढ घेतो, लिहून काढ. माझा खांदा गेला होता त्या मोसमात सरांनी मला गुणलेखक केलं. पुढच्या वर्षी मी आधीपेक्षा चांगला पळालो, कारण तोवर मला खेळ दिसायला लागला होता.

मुग्धा
सगळ्यांना हे मानवत नाही. मी कुबडी घेऊन गेले होते आणि माझ्या जागी दुसरी खेळताना बघून घरी आल्यावर दोन दिवस बोलले नाही. नाही जावंसं वाटलं तर जाऊ नकोस. त्या वेळात दुसरं काही बांधून घे. मी धाकट्या भावाला रोज त्या वेळी गणित शिकवायचे.

सौरभ_आक्रमक
बूट कुठले आहेत? तळ झिजला असेल तर आधी बूट बदल.

राही२२
(अकरा दिवसांनी) सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. त्यांनी दोन्ही घोटे हातात धरून तुलना केली, वीस मिनिटं दिली. लिगामेंट अर्धवट फाटलंय. ब्रेस दिलाय. ही चाचणी सोडायची असं ठरलं, ते सरांना सांगताना आवाज फुटला. सर म्हणाले, वही घेऊन ये.
मुग्धाताई, पहिले दोन दिवस तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आमचीच एक मुलगी दर वेळी डाव्या खांद्यावरून बघून मगच वळते हे वहीत सापडलं. तिला दाखवलं, तिचा विश्वासच बसेना.
घरी सगळं सांगितलं. आई रागावली, मग रात्रीची भाकरी वाढून समोर बसून राहिली.
एका पायावर आता २६ सेकंद. मुळाक्षरं रोज तीनदा. 'ळ'पर्यंत सरळ येते, 'क्ष'च्या गाठीला अजून ओढ बसते.

मेधा_फिजिओ
'क्ष' छोटा काढ, दुखेल तिथे थांब. पुढच्या आठवड्यात मोठा होईल. २६ हे डोळे उघडे ठेवून की मिटून?

राही२२
उघडे. मिटून सहा.