ब्राइड्समेड होताना खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

प्रश्न : जिवलग मैत्रिणीच्या लग्नात ब्राइड्समेड (नवरीसोबत राहणारी तिची सखी) होण्याचे मी आनंदाने मान्य केले आहे, परंतु पोशाख, प्रवास, मुक्काम, लग्नाआधीची पार्टी आणि भेटवस्तू यांची बेरीज माझ्या मिळकतीला झेपणारी नाही. तिचे मन न दुखावता खर्च कसा कमी करावा?

प्रतिसाद १ : झेपेल तो आकडा तिला आत्ताच सांगा, कारण एकदा पोशाख ठरला आणि तिकिटे निघाली की बोलणे फार अवघड होते. मी संकोचाने गप्प राहिले होते आणि त्या वेळची उसनवारी फेडण्यात माझे कित्येक महिने गेले.

प्रतिसाद २ : सर्वांसाठी केवळ रंग ठरवून प्रत्येकीने ऐपतीप्रमाणे कपडे निवडावेत, असे नवरीला सुचवून पाहा. नवा पोशाख शिवून किंवा विकत घेणार असाल, तर फिटिंगचे पैसे वेगळे पडतात का, हे आधीच विचारा. भाड्याचा पोशाख स्वस्त पडतो, मात्र त्यात कापून बदल करता येत नाहीत.

प्रतिसाद ३ : भेटवस्तू वर्गणी काढून एकच द्यावी आणि खोलीही वाटून घ्यावी.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आज रात्रीच तिच्याशी बोलते.